बाबांचा नंबर बरोबर आहे, मग पायरी चुकते कशी? (पार्किन्सन आणि खोलीचा अंदाज)

जिन्याखालची (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांना पार्किन्सन होऊन 6 वर्षं झाली. वय 71. सुरुवात डाव्या हातापासून झाली होती. कंप गोळ्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहे, चालणं हळू पण ठीक. गेल्या आठ-दहा महिन्यांत मात्र वेगळंच काहीतरी सुरू झालंय.

बाथरूमच्या दाराशी आम्ही काळी मॅट टाकली आहे. परवा बाबा तिथवर आले, थबकले, आणि नाला ओलांडावा तसा पाय उंच उचलून पलीकडे टाकला. तोल गेला, मी मागेच होते म्हणून धरलं. म्हटलं, एवढी उडी कशाला? तर म्हणाले, "खड्डा आहे ना तिथे." मग वाकून नीट बघितलं आणि स्वतःच हसले. "मॅट आहे होय!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मॅट आहे हे माहीत आहे गं मला. पायाला पटत नाही."

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. काचेच्या पेल्यात पाणी ओतताना धार पेल्याच्या बाजूला पडते. खुर्चीवर बसताना कडेवरच टेकतात. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला घासतो. शेवटची पायरी संपली असं समजून पाय पुढे टाकतात आणि ती संपलेली नसते.

चष्मा वर्षभरात तीनदा बदलला. शेवटचा प्रोग्रेसिव्ह घेतला, "एकातच सगळं दिसेल" म्हणून. तपासणीत 6/6. तिथे आम्हाला सांगण्यात आलं की डोळे उत्तम आहेत, वयामुळे लक्ष कमी झालंय. तेव्हापासून घरात त्याच वाक्याचा जप चालू आहे. आई म्हणते, "अहो, समोर बघून ओता की!" बाबांनी आता पाणी ओतणंच सोडून दिलंय. तहान लागली तरी कुणी येईपर्यंत भांड्याकडे बघत बसून राहतात.

हे पार्किन्सनमुळे होतं का? दाखवायचं कुणाला, डोळ्यांच्या डॉक्टरांना की न्यूरॉलॉजिस्टना?

उलटसुलट

शीर्षक वाचून वाटलं, खोली बांधायच्या खर्चाचा अंदाज हवाय. आत आल्यावर ओशाळलो. माफ करा. काळजी घ्या बाबांची.

कोरा कागद

मोतीबिंदू तपासलाय का? माझ्या काकांचं असंच होत होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. दोन डोळ्यांत एवढा फरक असला की अंतर कळत नाही. दुसराही केला आणि प्रश्न मिटला. सगळ्याचं खापर पार्किन्सनवर फोडू नये असं माझं मत. 71 म्हणजे वयही झालंच की.

जिन्याखालची

@उलटसुलट, अहो माफी कसली, मीही हसले.
@कोरा कागद, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत अगदी सुरुवातीचा आहे, आत्ता काही करायची गरज नाही म्हणाले.

डोळस

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा ठरवणारा. पार्किन्सनची बरीच माणसं तपासून झाली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेशंटला न बघता निदान करत नाहीये, हे गृहीत धरा.

आधी त्या 6/6 बद्दल. तो तक्ता स्नेलेननी 1862 मध्ये काढला. पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं, स्थिर, 6 मीटरवर, उजेड भरपूर, आणि बघणारा खुर्चीत निवांत बसलेला. तुमच्या जिन्यात यातलं काय आहे? राखाडी पायरीवर राखाडी पायरी, उजेड मागून, आणि बघणारा चालता. म्हणजे 6/6 आल्यावर "बारीक काळं अक्षर ओळखता येतं" एवढंच कळतं. पायरीची कड ओळखायला लागते ती फिकट फरक टिपण्याची ताकद, कॉन्ट्रास्ट. ती मोजायचा तक्ता वेगळा असतो. पेली-रॉबसनचा, 1988 चा. त्यात अक्षरं लहान होत नाहीत, आकार तोच ठेवून फिकी होत जातात. पार्किन्सनमध्ये ही ताकद बऱ्याचदा घटलेली असते, कारण डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशीही डोपामिन (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन) वापरतात आणि तिथेही ते कमी पडतं. निळसर-हिरवट छटांमध्ये गोंधळ होतो तोही याच वाटेने.

दुसरं, डोळे आत वळणं. जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. पार्किन्सनमध्ये ही हालचालही इतर हालचालींसारखीच आखूड होते. मग जवळची वस्तू अस्पष्ट किंवा दोन दिसते. बाबांना विचारा, वाचताना ओळी एकमेकींवर चढतात का, एक डोळा झाकला की बरं वाटतं का. उत्तर "हो" आलं तर वाचनाच्या चष्म्यात प्रिझम (प्रकाश किंचित वळवणारी काच) घालून बराच फरक पडू शकतो. घरच्या घरी पेनाचं टोक नाकाकडे आणत जा आणि कुठे त्याची दोन होतात ते बघा. साधारण 10 सेंटीमीटरच्या आत आणता आलं पाहिजे. बाबांचं फार आधीच फुटलं तर आमच्यापैकी कुणाला तरी दाखवा.

तिसरं, पापण्या. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा उघडझाप करतो. पार्किन्सनमध्ये ती फारच कमी होते. डोळा कोरडा पडतो, दृष्टी धूसर होते, पुन्हा मिचकावलं की साफ होते. "सकाळी दिसतं, दुपारी नाही" अशी तक्रार असेल तर आधी हे बघायचं. उपाय स्वस्त आणि सोपा, कृत्रिम अश्रूंचे थेंब.

चौथं मात्र मी आत्ताच करून टाका म्हणेन. तो प्रोग्रेसिव्ह चष्मा चालताना काढा! त्याचा खालचा भाग जवळच्या नंबरचा असतो. जिना उतरताना माणूस बघतो खाली, म्हणजे नेमका वाचनाच्या नंबरातून, आणि पायरीची कड विरघळते. पार्किन्सन नसलेल्या वयस्कर माणसांतही असे चष्मे पडण्याशी जोडलेले आढळले आहेत. चालायला फक्त लांबचा एक, वाचायला वेगळा एक. दोन चष्मे सांभाळायचा वैताग आहे, मान्य, पण मोडलेलं खुब्याचं हाड सांभाळण्यापेक्षा बरा.

आता तुमचा खरा प्रश्न, खोली. ती मोजता येते. पोलरॉइड चष्मा लावून एका पुस्तिकेत मोठ्या माशीचं चित्र दाखवतात आणि सांगतात, तिचे पंख चिमटीत धरा. ज्याला खोली दिसते त्याची बोटं कागदाच्या वर, हवेत मिटतात. ज्याला दिसत नाही तो सरळ कागदाला हात लावतो. दोन मिनिटांची चाचणी आहे, पण मागितल्याशिवाय क्वचितच कुणी करतं.

म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आधी, पण "नंबर काढा" म्हणून जाऊ नका. "कॉन्ट्रास्ट, डोळे आत वळणं आणि खोली, तिन्ही तपासा" असं कागदावर लिहून न्या. गोळ्यांची यादीही न्या. पार्किन्सनच्या गोळ्यांपैकी अमॅन्टाडिन चालू असेल तर क्वचित बुबुळाला सूज येते, आणि कंपासाठी देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलने जवळचं धूसर होतं. आणि गोळी घेतल्यावर तासाभरात, बाबा "ऑन" असताना, म्हणजे गोळीचा असर चालू असताना न्या. ऑफमध्ये तपासलं तर आकडे वेगळे येतील.

हळूहळू

मी स्वतः शुभार्थी, म्हणजे पार्किन्सनचा पेशंट. 9 वर्षं. टायपायला वेळ लागतो, म्हणून हे नाव.

माझे दोन्ही खोल्यांशी वांधे आहेत. एकीचा अंदाज येत नाही आणि दुसरीच्या दारात पाय चिकटतात.

बाबांचं वाक्य वाचलं, "पायाला पटत नाही." हे मला इतकी वर्षं सांगता आलं नव्हतं. तसंच असतं. डोक्याला माहीत असतं की फरशीचा रंग बदललाय, बाकी काही नाही. पण गडद पट्टा दिसला की शरीर आपण होऊन ब्रेक लावतं. त्यात मागून कुणी "अहो, काही नाही, चला" म्हटलं की आणखीच घट्ट.

पाण्याचं सांगतो. पारदर्शक पेला, पारदर्शक पाणी, खाली पांढरा ओटा. मला पेल्याची कड नुसती असल्यासारखी वाटते, कुठे आहे ते कळत नाही. मी उपाय काढला. पेला डाव्या हाताने धरायचा आणि भांड्याचं तोंड त्याच्या काठावर टेकवायचं. आवाज आला की ओतायचं. डोळ्यांना विचारायचंच नाही.

उजेड फार महत्त्वाचा. रात्री मी वेगळाच माणूस असतो.

जिन्याखालची

@डोळस, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. चष्म्याचं वाचून अंगावर काटा आला, जिन्याचा त्रास खरंच त्या चष्म्यानंतर वाढलाय. आजच जुना लांबचा शोधून काढला.
@हळूहळू, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "काठावर टेकवायचं" ऐकून नुसती मान हलवली. संध्याकाळी करून बघितलं. सांडलं नाही.

पण एक कळलं नाही. हे सगळं डोळ्यांचं झालं. मग मॅट खड्डा दिसणं, चौकटीला खांदा लागणं, हे डोळ्यात होतं की मेंदूत?

तळटीप

दोन्हीकडे, पण तुम्ही सांगताय त्यातलं बरंच मेंदूतलं वाटतंय. मी डॉक्टर नाही. आईच्या आजारपणात या विषयाचं जमेल तेवढं वाचत गेलो, चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

आधी जरा इतिहास, कारण घोळ तिथूनच आहे. जेम्स पार्किन्सननी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं ते 6 जणांवरून. त्यातले काही तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलेले. आणि त्यात म्हटलं की ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात. आता रस्त्याने चाललेल्या माणसाला खोली दिसते की नाही हे बघून कसं कळणार? दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांतून मेंदू खोली काढतो, हे व्हीटस्टननी दाखवलं 1838 मध्ये. पार्किन्सन 1824 लाच वारले होते. पण ते वाक्य चिकटलं ते चिकटलंच. आजही बऱ्याच जणांच्या डोक्यात पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण 6 सेंटीमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना जग जरा वेगळं दिसतं. त्या फरकावरून अंतर काढण्याचं काम डोक्याच्या मागच्या भागात सुरू होतं. तिथून माहिती दोन वाटांनी पुढे जाते. खालची वाट ठरवते की ही वस्तू "काय" आहे. वरची, पार्श्वखंडाकडे जाणारी, ठरवते की ती "कुठे" आहे आणि तिथवर हात-पाय कसा न्यायचा. "मॅट आहे हे माहीत आहे, पायाला पटत नाही" हे वाचून मला या दोन वाटाच आठवल्या. काय ते कळतंय, कुठे आणि किती खोल ते नाही.

पार्किन्सनमध्ये खोलीची जाण कमी असलेल्यांचे एमआरआय तपासले, तेव्हा पहिल्या दृष्टिकेंद्राच्या लगत पुढच्या भागांत करडा थर पातळ झालेला आढळला. पेट स्कॅनमध्ये काहींच्या मागच्या आणि पार्श्व भागांत साखरेचा वापर कमी दिसतो. म्हणजे चित्र डोळ्यांपर्यंत बरं येतं, मोजमापाच्या कचेरीत माणसं कमी पडतात.

हे का, तर आजार फक्त डोपामिनच्या केंद्रात बसून राहत नाही. पेशींत साचणारे गोळे लुई यांनी 1912 मध्ये पाहिले. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे असतात हे 1997 मध्ये कळलं. 2003 मध्ये ब्राक आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ही साठवण बहुतेकदा मेंदूच्या बुडाशी आणि वासाच्या भागात सुरू होते, मग डोपामिनच्या पेशींपर्यंत येते, आणि बरीच नंतर मेंदूच्या वरच्या सालीत (बाहेरच्या थरात) पोचते. वास आधी जातो आणि अंतराचा अंदाज उशिरा बिघडतो, ते बऱ्याच जणांत या क्रमाशी जुळतं. सगळ्यांचा आजार ही शिडी अशीच चढतो असं मात्र नाही.

दोन गोष्टी तुमच्या बाबांसाठी खास. सुरुवात डाव्या बाजूने, म्हणजे उजवा मेंदू जास्त बाधित. जागेचं भान ठेवण्याचं काम उजव्या मेंदूकडे जास्त असतं. डाव्या बाजूने सुरू झालेल्यांत जागेच्या अंदाजाच्या तक्रारी अधिक आढळल्या आहेत. तो डावा खांदा उगीच घासत नसावा.

दुसरी, लेवोडोपाने (डोपामिनची कमतरता भरून काढणारं पार्किन्सनचं मुख्य औषध) कॉन्ट्रास्ट आणि डोळ्यांच्या हालचाली काही अंशी सुधारतात, पण मागच्या भागातल्या बिघाडात डोपामिनशिवाय ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचाही हात असतो. तिथे लेवोडोपा वाढवून फार उपयोग होत नाही. उलट @डोळस म्हणाले तो ट्रायहेक्सिफेनिडिल ॲसिटिलकोलीन आणखी दाबतो, गोंधळ आणि विस्मरण वाढवू शकतो. चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा. मनानेच बंद करू नका, हेही आलंच.

कोरा कागद

"मोजमापाच्या कचेरीत माणसं कमी" 👌 वय म्हणून मी जरा सहज बोलून गेलो, मागे घेतो. पण एक शंका. पार्किन्सनमध्ये हालचालच आखूड होते ना? मग धार बाजूला पडते ती हात कमी पोचतो म्हणून नसेल कशावरून? अंदाज बरोबर, हात आखूड.

डोळस

@कोरा कागद, चांगला प्रश्न. तसंही असू शकतं, आणि दोन्ही एकत्रही. घरी थोडं ताडता येतं. टेबलावर दोन सारखे डबे थोडे पुढे-मागे ठेवा. हात न लावता सांगायला लावा, जवळचा कुठला? मग एक डोळा झाकून विचारा. तोंडी उत्तर बरोबर आणि हात चुकतो, तर हालचालीचा वाटा मोठा. तोंडी उत्तरच चुकतं, तर अंदाजाचा. निदान नाही हं हे, डॉक्टरांना सांगायला निरीक्षण म्हणून उपयोगी.

नवी पहाट 24

दृष्टी आणि मेंदूच्या नसांसाठी आमचे नैसर्गिक थेंब वापरा, 21 दिवसांत चष्मा सुटेल. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक

वरील सदस्याचे इतर 11 प्रतिसाद उडवले आहेत. हा एक नमुना म्हणून ठेवलाय. चर्चा चालू द्या.

उलटसुलट

चष्मा सुटेल हे खरंय. चेहऱ्यावरून सुटून पायरीवर पडेल.

आडवी रेघ

मी शुभंकर, म्हणजे पेशंटची काळजी घेणारी. माझ्या यजमानांना 12 वर्षं झाली. आमच्याकडे उलटा अनुभव आहे, म्हणून लिहिते. इथे सगळे म्हणताहेत गडद पट्टा म्हणजे खड्डा. आमच्या घरात मी स्वतःच्या हाताने जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि त्यांच्यामुळेच हे चालतात! स्वयंपाकघराच्या दारात पाय गोंदाने चिकटल्यासारखे व्हायचे. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, आडव्या पट्ट्या लावा. एक-एक पट्टी ओलांडत जातात, शाळेतल्या मुलासारखं. पट्ट्या संपल्या की पुढची दोन पावलं रेटून जातात, मग पुन्हा अडतात.

मग नक्की काय खरं? पट्टी चांगली की वाईट?

तळटीप

दोन्ही खरं, आणि मला यातच सगळ्यात गंमत वाटते. पट्ट्यांचा उपयोग जुना आहे. पर्डन मार्टिन यांनी 1967 मध्येच नोंदवलं होतं की आडव्या रेषांनी पावलं सुटतात, चालण्याच्या दिशेने लांब ओढलेल्या रेषांनी नाही. चालायची लय आतून, बेसल गँग्लियाकडून (मेंदूच्या आतली, हालचाली सांभाळणारी केंद्रं), आपोआप मिळेनाशी झाली की डोळ्यांवाटे बाहेरून मिळालेली लय कामी येते. प्रत्येक रेषा म्हणजे "इथे पाय टाक" असा निरोप.

पण त्यामुळे एक अडचण होते. पाय कुठे आहे हे स्नायू-सांध्यांकडून नीट कळत नाही, म्हणून पार्किन्सनचा माणूस चालताना डोळ्यांवर जास्तच विसंबतो. आणि ते डोळे, म्हणजे त्यामागचा मेंदू, अंतर चुकीचं सांगतोय! साक्षीदार एकच उरलाय आणि तोही अधूनमधून खोटं बोलतो. म्हणून हा माणूस आपल्यापेक्षा मॅटला जास्त फसतो आणि पट्टीने जास्त सुधारतोही. अंधारात तर तो एक साक्षीदारही जातो.

माझ्या अंदाजाने फरक असा. अरुंद पट्टी, सारख्या अंतरावर, पावलाएवढ्या टप्प्याने, म्हणजे रेघ. मोठा गडद चौकोन, एकटाच, दारात, म्हणजे भोक. त्यात दार आणखी अरुंद असलं तर पाय अडणं तसंही वाढतं. तुमच्या बाथरूमच्या दारात दोन्ही जमून आलंय.

हळूहळू

बरोब्बर. पट्टीवरून मी जातो, चौकोनावरून नाही. चौकटी-चौकटीचा गालिचा तर सरळ हलतो माझ्यापुढे.

आणखी एक सांगतो, कारण कुणी विचारत नाही. संध्याकाळी खुंटीवरचा सदरा मला माणूस वाटतो. क्षणभरच. कधी बाजूने मांजर गेल्यासारखं वाटतं, मांजर नसतं. मी दोन वर्षं बायकोला सांगितलं नाही, म्हणेल डोकं फिरलं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "काही नसलेलं दिसतं का?" तेव्हा सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. एक गोळी कमी केली, संध्याकाळी दिवे लवकर लावायला सांगितले. निम्मं गेलं. बाबांना एकटं असताना हळूच विचारा. चारचौघांत नको.

जिन्याखालची

विचारलं. हो म्हणाले. जिन्याच्या वळणावर "कुणीतरी बसलेलं असतं". कधीपासून, तर मागच्या हिवाळ्यापासून. मला रडू आलं, ते मात्र एकदम हलके झाल्यासारखे दिसले.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे, डोळ्यांचीही. घाबरायचं का?

तळटीप

सांगायचं, लपवायचं नाही, एवढंच. जागेचा अंदाज, भास आणि पुढची स्मरणशक्ती यांचा काही जणांत संबंध दिसतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट घड्याळ काढायला किंवा एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून उतरवायला लावतात. बाबांना आधीच सांगून ठेवा की चित्रकलेची परीक्षा नाही. आणि खोलीचा अंदाज चुकतो म्हणजे स्मृतिभ्रंश झालाच, असं अजिबात नाही. तो चुकूनही व्यवहार चोख सांभाळणारे पुष्कळ आहेत.

गाडी चालवत असतील तर तो विषय मात्र याच भेटीत काढा. अप्रिय असतो, माहीत आहे.

जिन्याखालची

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले.

आधी डोळे. कॉन्ट्रास्टच्या तक्त्यावर बाबा वयाच्या मानाने बरेच खाली. पेनाचं टोक वीसेक सेंटीमीटरवरच फुटलं, म्हणून वाचनाच्या चष्म्याला प्रिझम सांगितलाय. मग ती माशी. बाबांना पोलरॉइड चष्मा लावला आणि पंख धरायला सांगितले. त्यांनी अगदी आत्मविश्वासाने बोटं कागदावर टेकवली आणि तपासणाऱ्या बाईंकडे बघितलं, "यात काय अवघड?" अशा नजरेने. आई शेजारी बसली होती. तिला उत्सुकता, म्हणून तिलाही चष्मा दिला. तिने पुस्तिकेकडे बघितलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. "अगं बाई, ही तर वर आलीय!" मग बराच वेळ ती आळीपाळीने माशीकडे आणि बाबांच्या बोटांकडे बघत होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

न्यूरॉलॉजिस्टनी पंचकोन काढायला लावले. दोन्ही काढले, एकमेकांत अडकवायचे मात्र राहून गेले. गोळ्यांत थोडा बदल केलाय, तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. गाडीची किल्ली बाबांनी आपणहून माझ्याकडे दिली. तो विषय मी अजून काढलाही नव्हता.

घरात मॅट गेली. तिथे फरशीच्याच रंगाची, न सरकणारी टाकली. पेले आता गडद निळे, पांढऱ्या ओट्यावर उठून दिसतात. आईनेच शोधून आणले. जिन्यावर आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो. "बसलेलं माणूस" वळणावरून गेलंय, दिव्याने की गोळीने कोण जाणे. डबे ठेवूनही बघितलं, @कोरा कागद. तोंडी उत्तर दहापैकी सहा वेळा चुकलं, म्हणजे दोष एकट्या हाताचा नाही.

पाणी पुन्हा स्वतः ओतायला लागलेत. भांडं काठावर टेकवून, टक् आवाज करून. आई पाठमोरी असली तरी आवाजावरून तिला कळतं.

आता पायऱ्यांच्या कडांना पट्टी लावायची आहे. पिवळी घेतेय, प्रत्येक पायरीच्या अगदी टोकाला. @आडवी रेघ, तुमची पट्टी चकचकीत आहे की मॅट फिनिशची?

आडवी रेघ

खरखरीत, मॅट. आधी चकचकीत लावली होती. दिवा पडला की तीवर पाणी सांडल्यासारखं दिसायचं आणि हे तिथेच थांबायचे. सगळी काढून पुन्हा लावावी लागली. पट्टी दोन बोटं रुंद आणि कडेपासून आत नको, नाहीतर पायरी तिथेच संपली असं वाटतं. पहिली आणि शेवटची पायरी विसरू नका.

हळूहळू

शेवटची तर विसरूच नका.